शेवटच्या महिन्याचं शहाणपण

आमच्या कार्यालयात शाल एकच आहे. निरोप समारंभात ती जाणाऱ्याच्या खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, आणि चहा झाला की जाणाऱ्याने तिची घडी करून ती माझ्या कपाटात परत ठेवायची. नारळ मात्र ज्याचा त्याने न्यायचा. पूर्वी आम्ही प्रत्येकाला नवी शाल आणत होतो. मग माणसं इतक्या भराभर जायला लागली, की शाल आणायला ज्याला बाजारात पाठवावं त्याचाच निरोप समारंभ आधी करावा लागे. शेवटी मी एक चांगली जाड शाल आणली आणि तो विषय कायमचा मिटवला.

त्या दिवशी ती ऋतुजा दळवीच्या खांद्यावर होती. ऋतुजा आमची सहायक अभियंता. रुजू झाली तेव्हाच तिच्या पिशवीत पुढच्या परीक्षेची पुस्तकं होती, आणि आता ती नायब तहसीलदार होऊन निघाली होती. तिच्या आधीचा मुलगा कर निरीक्षक होऊन गेला, त्याच्या आधीची बंगळूरला खाजगी नोकरीत. मी, वैजयंती खोचरे, पूल सुरक्षा उपविभागाची उपअभियंता, दर समारंभात तेच भाषण करते. आमचा तोटा तो दुसऱ्या खात्याचा फायदा, जिथे जाल तिथे नाव काढा, वगैरे. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं केव्हाच बंद झालं होतं. आता नुसता संताप यायचा, आणि तोही कोणावर काढावा हे कळत नसे.

शालीची घडी करता करता ऋतुजा हळूच म्हणाली, "मॅडम, आता ही तुमच्याच खांद्यावर."

खरं होतं ते. माझा बदलीचा आदेश आला होता. नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर त्यांना एका गावी आणायचं, असा शासनाचा एक दयाळू नियम आहे. पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात त्याला. मिलिंद नागपूरला वीज खात्यात आणि मी इथे, दक्षिणेकडच्या या ऊसपट्ट्यात. मी इथे आले तेव्हा आमची ओवी बालवाडीत होती. ती सहावीत गेली तेव्हा कुठे त्या दयाळू नियमाला माझी दया आली. अट एवढीच, की महिनाअखेर मी इथून कार्यमुक्त व्हायला हवं. नाही झाले तर आदेश आपोआप रद्द. ओवी फोनवर हल्ली नुसती 'हं' वर आली होती. पण आदेश आल्याचं कळल्यावर तिने कपाटातला आपला एक खण रिकामा केला आणि त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या साड्यांसाठी.' तो फोटो मी दिवसातून किती वेळा बघत होते ते विचारू नका.

कार्यमुक्त होण्यासाठी आता शेवटचा महिना कपाळाला पट्टी लावून काम करावं लागतं. ही पट्टी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माणसं टिकत नाहीत म्हणून शासनाने आधी बंधपत्रं लिहून घेतली, मग भत्ते देऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की माणूस टिकत नसेल तर निदान त्याचा अनुभव टिकवू या. त्यातून 'कार्यानुभव सातत्य प्रणाली' आली. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? आम्ही तिला 'मागचा' म्हणू लागलो. कारण सरकारी कार्यालयात कुठलीही फाईल उघडली की पहिला प्रश्न हाच असतो, मागच्याने काय केलं होतं?

कल्पना मुळात वाईट नव्हती. माहिती काय, ती पुस्तकातही असते. अनुभव म्हणजे काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं याची अंगवळणी पडलेली सवय. ती सवय माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही, म्हणून ती त्याला विचारायचीच नाही. त्याऐवजी त्याच्या डोळ्यांवर एक हलका चष्मा चढवायचा. त्याची नजर पडद्यावर कुठे थांबते, कुठून घसरते, कशाकडे परत वळते, ते चष्मा टिपतो. कपाळावरची पट्टी नाडी मोजते. त्यावरून यंत्राला कळतं, की माणूस कशाने सावध झाला, कुठे घुटमळला आणि शेवटी काय ठरवलं. यंत्र आधी तुमच्या निर्णयाचा अंदाज करतं, चुकतं, सुधारतं. महिना सरत येतो तसं ते, तुम्ही बोट उचलायच्या आत, तुमचा निर्णय ओळखायला लागतं. अंदाज पुरेसे जुळले की प्रमाणपत्र निघतं आणि तुम्ही सुटता. तुमची सवय तुमच्या आधी गेलेल्यांच्या सवयींत मिसळली जाते, आणि खुर्चीवर येणाऱ्या नव्या माणसाला मागचा सल्ला द्यायला बसतो.

सुरुवातीला सगळे खूष होते. पण जाण्याने कोणाचं काही अडत नाही म्हटल्यावर कोणी कोणाला थांबवेना. पूर्वी साहेब विनवण्या तरी करायचे, आता हसून सही करतात. पुढे तर नवा माणूस आणायचीही कोणाला घाई राहिली नाही. मागचा आहे ना, मग चालू द्या. आमच्या उपविभागात माझी सोडून बाकी बहुतेक खुर्च्या अशाच चालतात. मागचा निर्णय देतो आणि मी खाली नावापुरती सही करते. मंत्रालयात म्हणे मजलेच्या मजले असे आहेत.

ऋतुजा गेली त्याच आठवड्यात वाकसेवाडीच्या पुलाने डोकं वर काढलं.

पूल जुना आहे. पलीकडे चार गावं, अलीकडे साखर कारखाना. हंगामात त्यावरून ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते, एका ट्रॅक्टरमागे दोन दोन. सकाळी शाळेच्या गाड्याही त्याच रांगेतून वाट काढत येतात. पुलाच्या प्रत्येक गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, आम्ही कंपन मोजणारे संवेदक बसवले आहेत. बाजारात मडकं घेताना आपण त्यावर टिचकी मारून बघतो. चांगलं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पुलाचंही तसंच आहे. गाडी गेली की तो आपल्या ठरलेल्या सुरात थरथरतो. आत कुठे ढिलाई आली की तो सूर उतरतो. यात हवामानाचाही हात असतो. थंडीत सगळं आवळतं, त्यामुळे सूर किंचित चढायला हवा. आमच्याकडे चांगलीच थंडी पडली होती, आणि तिसऱ्या गाळ्याचा सूर उतरत होता.

ऋतुजाच्या रिकाम्या खुर्चीचं काम आता माझ्याच पडद्यावर येत होतं. तिथल्या मागच्याचा सल्ला आला. 'तिसरा गाळा निरीक्षणाखाली ठेवावा. पुढील वाचनानंतर निर्णय घ्यावा.'

मी तो वाचला आणि 'मान्य' दाबलं. कोपऱ्यात हिरवी खूण उमटली. म्हणजे माझा निर्णय यंत्राच्या अंदाजाशी जुळला होता. प्रमाणपत्राकडे आणखी एक पाऊल. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

पुढच्या वाचनात सूर आणखी उतरला. सल्ला अक्षराचाही फरक न होता तोच. या खेपेला माझं बोट थांबलं. पट्टीने ते टिपलं असणार. मी चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून गाडी काढली आणि पुलावर गेले.

गाळ्याचं ओझं खांबावर जिथे टेकतं तिथे बेअरिंग असतं आणि त्याखाली काँक्रीटचा छोटा चौथरा. मी उतारावरून खाली जाऊन पाहिलं. तिसऱ्या गाळ्याखालच्या चौथऱ्याचा कोपरा फुटला होता आणि खांबाच्या माथ्यावर पांढरी भुकटी सांडली होती. वरून एक ट्रॉली गेली तशी मूठभर भुकटी माझ्यासमोर खाली आली. मी खांबाला हात लावून उभी राहिले. पुढच्या ट्रॉलीला आतून ठोका बसला, दार आपटावं तसा. चांगल्या पुलात ठोका बसत नाही.

वर आले तर एक ट्रॅक्टरवाला गाडी बाजूला घेऊन माझी वाट बघत होता. माझ्या गाडीवरचं खात्याचं नाव त्याने वाचलं होतं.

"मॅडम, बंद करनार न्हाई न्हवं?" तो म्हणाला. "फडात ऊस तोडून पडलाय. आज न्हाई गेला तर जाग्यावर वाळतोय बघा."

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. त्याला तेवढ्याने हायसं वाटलं आणि तो पुलावर चढला. मी त्याची दुसरी ट्रॉली तिसऱ्या गाळ्यावरून पलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.

कार्यालयात येऊन मी फुटलेल्या चौथऱ्याचे फोटो मागच्याला दाखवले. सल्ला तोच. या खुर्चीवरून आजवर कधी पूल बंद करायला सांगितलंस का, असं विचारलं. उत्तर आलं, 'उपलब्ध अनुभवात तसे उदाहरण नाही.' मला ते खरंच वाटेना. इतके अभियंते येऊन गेले, त्यातल्या एकालाही कधी एक मोरीसुद्धा बंद करावीशी वाटली नाही? ऋतुजाने तर माझ्यासमोर बंद केली होती. रुजू होऊन महिना झाला नव्हता तिला. ओढ्यावरची मोरी खचली म्हणून पोरीने स्वतः उभं राहून रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या आणि सरपंचाशी हमरीतुमरीवर आली होती. ते कुठे गेलं?

मी तिला फोन लावला. ती नव्या गावी सामान लावत होती. मोरीचं नाव काढताच हसली. मग मी विचारलं, शेवटच्या महिन्यात, पट्टी लावल्यावर, अशी एखादी गोष्ट तिच्यासमोर आली होती का?

तिने हातातली पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आल्या होत्या ना," ती म्हणाली. "पण मॅडम, जायच्या महिन्यात कोण लफड्यात पडतं? पूल बंद केला की तक्रार होणार, तक्रार झाली की चौकशी लागणार. चौकशी चालू असताना मला सोडलं असतं का? मी सगळं निरीक्षणाखाली ठेवलं. सगळेच ठेवतात."

मी फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याकडे बघत बसले. चूक यंत्राची नव्हती. त्याला जे दाखवलं तेच ते मन लावून शिकलं होतं. आम्ही त्याला माणूस दाखवला तो फक्त शेवटच्या महिन्यातला. बांधाबांध झालेला, तिकीट काढलेला, कुठल्याही भानगडीशिवाय सुटायला निघालेला. पहिल्या महिन्यात काट्या टाकणारी ऋतुजा त्याने पाहिलीच नव्हती. असे एकामागून एक सगळे गेले, आणि प्रत्येक जण जाताना त्या खुर्चीत एकच अक्कल ठेवून गेला. आपण असेपर्यंत काही होऊ द्यायचं नाही आणि काही करायचंही नाही. अनुभव जपायला म्हणून आणलेल्या यंत्रात आम्ही सगळ्यांनी मिळून नेमकी टाळाटाळ जपली होती. आणि परवा 'मान्य' दाबून मीही त्यात भर घातली होती.

कार्यकारी अभियंता गायधनी साहेबांना जाऊन भेटले. साहेब वाईट नाहीत. त्यांनी फोटो नीट पाहिले, दोनदा मोठे करून पाहिले, आणि मग माझा आदेश कधीपर्यंत आहे ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, की उगाच आता अंगाला लावून घेऊ नका, शांतपणे घरी जा, पुढचा बघेल काय ते.

"पुढचा कोण आहे, साहेब?"

"येईल कोणीतरी. तोवर मागचा आहेच की."

"मागच्याने आजवर एकही पूल बंद केलेला नाही."

"मग चांगलंच आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

मी चहा न घेता बाहेर आले. साहेबांना बंदीचा आदेश काढता आला असता. पण त्यांनाही वर्षाच्या आत निवृत्त व्हायचं होतं, म्हणजे त्यांचाही तो शेवटचाच महिना चालू होता, फक्त जरा लांब.

मिलिंदला फोन केला तेव्हा तो ओवीला शिकवणीहून आणायला निघाला होता. मी सगळं सांगितलं. तो अभियंताच आहे, चौथऱ्याचं ऐकून त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "तुझं बरोबर असेल गं. पण दर वेळी तूच का?"

माझ्याजवळ उत्तर एवढंच होतं, की खुर्चीत दुसरं कोणी नाही. ओवीला आत्ताच काही सांगू नकोस, एवढंच म्हणाले आणि पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले.

'जड वाहनांस पूर्ण बंदी,' मी लिहिलं. पडद्यावर लाल चौकट आली. 'हा निर्णय अपेक्षेशी जुळत नाही. फेरविचार करावा?' कपाळाची शीर पट्टीखाली ठणकत होती. ओवीच्या रिकाम्या खणाचा फोटो फोनवर उघडाच होता. मी फोन पालथा घातला, 'नाही' दाबलं आणि पोलीस ठाण्याला कळवलं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत पुलाच्या दोन्ही बाजूंना ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. कारखान्याचे संचालक येऊन गेले. आमदारांच्या माणसाने फोनवर, कोणत्या अधिकारात केलंत, असं तीन वेगवेगळ्या आवाजांत विचारलं. तो ट्रॅक्टरवालाही भेटला. त्याने माझ्याकडे एकदा बघून ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्याचा ऊस खरंच वाळला. आठवड्याच्या आत चौकशी समिती नेमली गेली. चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करता येत नाही. महिना संपला आणि माझा आदेश आपोआप रद्द झाला.

ओवीला मीच सांगितलं. ती रडली नाही. सहावीतल्या मुली हल्ली रडत नाहीत.

"पूल पडला का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तू का नाही येत?"

"तो पडू नये म्हणून बंद केला, ओवी."

"पण पडलाच नाही ना आई."

समितीनेही मला नेमकं हेच विचारलं होतं, फक्त जास्त शब्दांत. न पडलेल्या पुलाचा पुरावा कुठून आणायचा? पडला असता तर माझं खरं ठरलं असतं. तेवढ्यासाठी त्यावर शाळेची गाडी असावी लागली असती. हे ओवीला सांगण्यासारखं नव्हतं, आणि समितीला सांगून उपयोग नव्हता.

हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी तिसरा गाळा जॅकवर उचलला. मी तिथे उभी होते. चौथरा हाताने उचलायला गेलं तर त्याचा चुरा झाला, ओल्या साखरेसारखा. दुरुस्तीवरच्या अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. समितीपुढे येऊन सगळं सांगतो म्हणाला. साक्षीच्या आधी त्याला चांगल्या जागी बदली मिळाली. त्याच्या खुर्चीवरच्या मागच्याने समितीला कळवलं, की बाब तपासाधीन आहे. शेवटी मला 'यापुढे पुरेशी दक्षता घ्यावी' अशी समज देऊन चौकशी बंद झाली. म्हणजे सुटले. पण दक्षता आणि कशी घ्यायची असते?

त्याच सुमारास प्रणालीकडून आणखी एक सूचना आली. मी कार्यमुक्त न झाल्यामुळे माझा पट्टीचा महिना ग्राह्य धरता येत नाही, तो पुसून टाकण्यात आला आहे. साहजिकच आहे. अनुभव फक्त जाणाऱ्यांचाच घेतात. त्या खुर्चीच्या सगळ्या आयुष्यात पट्टी लावून 'बंद करा' असं एकदाच म्हटलं गेलं होतं, आणि जिने म्हटलं ती गेली नाही म्हणून ते गेलं. मी वर लिहिलं, की माणसाचा पहिला महिना नोंदवून घ्या, शेवटचा नको. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही.

परवा रविवारी ओवीशी व्हिडिओवर बोलत बसले होते. ती पोहे खात होती. तिच्यामागे कपाट दिसत होतं आणि खण अजून रिकामाच होता. मी म्हटलं, चौकशी संपली आहे, आता मी पुन्हा अर्ज करते, तुझ्यासमोरच करते. ओवी चमचा धरून पुढे सरकली. पती-पत्नी एकत्रीकरण, कारण, मुलीचं वय, सगळं भरलं. कारणाच्या जागी सहा वर्षांपूर्वीचंच वाक्य लिहिलं, त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. मग तिला एक, दोन, तीन म्हणायला लावलं आणि अर्ज मंत्रालयात पाठवला.

तिने चमचा तोंडात घालायच्या आत उत्तर आलं.

"आलं? काय म्हणतात?"

मी वाचून दाखवलं. "आपला अर्ज विचाराधीन ठेवण्यात आला आहे. यथावकाश कळविण्यात येईल."

ओवी घास चावता चावता थांबली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पुन्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "आज तर रविवार आहे. मग विचार कोण करतंय?"

मी तिला सांगितलं, की तिथे कोणीच नाही. तिने मान हलवली, वाटी खाली ठेवली, उठून कपाटाशी गेली आणि त्या खणात आपली शाळेची पुस्तकं लावायला लागली.